यंत्राला विचारलं, त्याला नाही

"मुलीचा खोकला कसा आहे आता?"

मी दचकलेच. ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातली लायब्ररी, शनिवारची सकाळ, शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस... आणि चक्क मराठीत! माझी पहिली नजर गेली ती ओवीकडे. समोरच्या गालिच्यावर, पोरांच्या घोळक्यात बसून ती गोष्ट ऐकत होती. एका पायात जँडल, म्हणजे इकडची रबरी चप्पल, दुसरी कुठेतरी पुस्तकांच्या कपाटाखाली. खोकत तर नव्हती. मग याला कसं कळलं?

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"यानं." त्यानं माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

मी पडद्याकडे पाहिलं. मी उघडलं होतं साबुदाणा वड्याच्या पाककृतीचं पान. पण वड्याच्या डावीकडे खोकल्याचं औषध होतं, उजवीकडे हवा शुद्ध करणारं यंत्र आणि खाली ठळक अक्षरांत प्रश्न – तुमच्या मुलाला दमा तर नाही ना?

"सॉरी, डोकावायचं नव्हतं," तो म्हणाला, "पण ही जाहिरात समोरच्या डेअरीतून दूध घेणाऱ्या माणसालासुद्धा वाचता येईल. आणि मराठी म्हणाल, तर मघाशी तुम्ही 'ओवी, नीट बस गं' म्हणालात. तेव्हापासून मी कान टवकारून बसलोय."

त्याच्या टेबलावर एक छोटी पाटी होती. दर शनिवारी इथे बसून लोकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवतो म्हणे, हौसेनं. नाव क्षितिज. मूळचा साताऱ्याचा, शिकायला ख्राइस्टचर्चला आला आणि इथलाच झाला. आठवडाभर हॉर्नबीतल्याच एका कारखान्यात पॅकिंगच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर बघतो. हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं आणि मग जीभ चावली. "मी जास्त बोलतोय का?"

"थोडंसं."

"मग एक दाखवतो आणि गप्प बसतो."

त्यानं साबुदाणा वड्याचं तेच पान स्वतःच्या लॅपटॉपवर उघडलं. मी बघतच राहिले. वडा होता, साहित्य होतं, कृती होती. बस. इतकं शांत पान मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. वर कोपऱ्यात एका बारक्या ढालीशेजारी आकडा होता – ३७.

"सदतीस काय?"

"एवढे जण या पानावर तुमच्या मागे लागू बघत होते. वडा तळेपर्यंत."

अंगावर सरसरून काटा आला. ओवीला खोकला आहे हे मी अजून तिच्या बाईंना सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं. एका रिकाम्या चौकटीत, एकटीनं. मला वाटलं होतं तिथे कोणी नसतं...

*

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. ओवी पाच वर्षांची आहे आणि या पाच वर्षांत असा एकही दिवस गेला नसेल, जेव्हा मी तिच्याबद्दल काहीतरी शोधलं नाही. पुरळ, ताप, दात, उंची, ती बोटं मोजताना चार का विसरते... मी दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर साध्या डोळ्यांना न दिसणारे जंतू बघायचे म्हटल्यावर घरी तरी मन स्वस्थ कसं बसेल?

आणि कोणीतरी आपल्यावर नजर ठेवणं म्हणजे काय, हेही मला माहीत आहे. श्रीनाथ, म्हणजे ओवीचा बाबा, रोज संध्याकाळी चहा प्यायला बसला की हात पुढे करायचा. "फोन." एवढंच. मी कोणाशी बोलले, काय वाचलं, काय शोधलं, सगळं शांतपणे खालपासून वरपर्यंत बघायचा. त्याचा फोन मात्र कायम उलटा ठेवलेला. तो आता सिडनीला असतो. घटस्फोटाला दोन वर्षं झाली. पण अजूनही संध्याकाळी चहा उकळला की माझा हात आपोआप फोनकडे जातो.

त्यामुळे पुढच्या शनिवारी मी स्वतःहून क्षितिजच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. "मला तुमच्यासारखं शांत पान हवंय."

"मिळेल. पण आधी स्थळं बघायला लागतील."

"स्थळं?"

त्यानं कोरा कागद ओढला. "ब्राउझरची. हे पहिलं. फायरफॉक्स. जुनं, मोकळं घराणं. थोडी शिस्त लावावी लागते, सेटिंगमध्ये जाऊन दोन-चार सवयी मोडाव्या लागतात. पण ऐकतं. दुसरं ब्रेव्ह. हे पहिल्या दिवसापासून दारात दंडुका घेऊन उभं, जाहिरातीला उंबरा ओलांडू देत नाही. फक्त मधेमधे आपलंच काहीबाही गळ्यात मारायला बघतं. आणि आतला सांगाडा त्याच मोठ्या ब्राउझरचा, जो तुम्ही आत्ता वापरता."

"म्हणजे सासर तेच."

तो मोठ्यानं हसला. गोष्ट सांगणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आम्ही दोघंही शाळेतल्या पोरांसारखे खाली बघायला लागलो.

"तिसरं लिब्रवुल्फ," आवाज खाली आणून तो म्हणाला. "फायरफॉक्सचाच चुलतभाऊ, पण संन्यासी. बंद केलं की सगळं विसरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून ओळख."

"रोज?"

"रोज. काहींना आवडतं... रोज नव्यानं ओळख होणं." हे म्हणताना त्यानं कागदाकडेच पाहिलं, पण त्याचे कान लाल झाले होते. "आणि चौथा टॉर. याचं पत्र थेट जात नाही. तीन घरं फिरून जातं. प्रत्येक घराला फक्त आधीचं आणि पुढचं दार माहीत. सगळ्यात गुप्त, पण हळू. आणि बँकेत घेऊन गेलात तर बँकवाले संशयानं बघतात."

"आणि या सगळ्यांवर विश्वास का ठेवायचा? ते पण बघत असतील."

त्यानं पेन खाली ठेवलं. "कारण यांचा कोड उघडा असतो. कसं बनवलंय, आत काय चालतं, सगळं मांडून ठेवलेलं. ज्याला वाटेल त्यानं वाचावं, चूक काढावी, दुरुस्त करून द्यावी. जगभरातले हजारो लोक देतात. ओळख ना पाळख."

"फुकट?"

"बरेचसे."

कुठेतरी एखादी बाई बसली असेल, मला कधीही न भेटणारी, आणि माझ्या खिडकीला फट राहू नये म्हणून रात्रंदिवस ओळी तपासत असेल... केवढं नवल! आकाशात बघताना वाटतं ना, तसं काहीसं वाटलं.

"म्हणजे..." मी शब्द जुळवत म्हणाले, "त्यानं स्वतः उघडं राहायचं आणि माझं मात्र झाकून ठेवायचं."

"अगदी हेच."

"माझ्या वाट्याला बरोबर उलटं आलं होतं."

त्यानं तो कागद हळूच माझ्याकडे सरकवला. "कोणतं पसंत आहे ते तुम्हीच ठरवा. घाई नाही."

मी फायरफॉक्सवर खूण केली. दोन-चार सवयी मोडाव्या लागतात, पण ऐकतं... एवढं मला पुरे होतं.

जुन्या ब्राउझरमधलं सगळं नव्यात आणायची वेळ आली, तेव्हा त्यानं एक गोष्ट केली. मी त्या गोष्टीवरच भाळले, हे आता लपवून काय उपयोग? त्यानं आपली खुर्ची उचलली आणि पूर्ण फिरवून खिडकीकडे तोंड करून बसला.

"हे काय?"

"तुमची पाच वर्षं आत्ता पडद्यावरून जाणार आहेत. मी कशाला बघू? तुम्ही वाचून दाखवा, मी सांगतो काय दाबायचं."

आणि खरंच, वीस मिनिटं तो खिडकीबाहेर बघत बसला. मी वाचायची, तो सांगायचा. त्याच्या मानेवरचे कापलेले केस, टी-शर्टची उलटी राहिलेली पट्टी, मागे बांधलेले हात. माझ्या आयुष्यात बघणारी माणसं खूप आली. दिसत असताना न बघणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि त्याला न कळता, मनसोक्त पाहत होते!

"झालं?"

"झालं."

"आता फोनवरपण बदलून टाका."

"उद्या करते."

तो उद्या काही उजाडला नाही. फोनवरचा जुना तसाच राहिला. सवय... दुसरं काय.

*

ऑक्टोबर उजाडला, म्हणजे इथला वसंत. झाडांवर पालवी, आणि उत्तर-पश्चिमेचा तो गरम, वेडापिसा वारा सुरू झाला. आमचे शनिवार लायब्ररीतून बाहेर पडून समोरच्या कॉफीच्या दुकानापर्यंत पोचले होते. ओवीशी त्याची गट्टी जमली होती. तो मराठीत बोलायचा, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

"ओवी, गाजर खाणार?"

"नो थँक्स. कॅरट्स आर फॉर हॉर्सेस."

"मग मी घोडा."

"यू आर अ स्लो हॉर्स."

अशाच एका शनिवारी कपातला फेस चमच्यानं ढवळत तो म्हणाला, "कंपनी ऑकलंडला नवीन कारखाना काढतेय. ईस्ट टामाकीला. मला कायमचं तिकडे बोलावतायत."

"छान की! अभिनंदन."

"हो... छानच आहे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ओवीच्या तोंडाला लागलेला चॉकलेटचा डाग पुसायला लागले. तो डाग केव्हाच निघाला होता. मी तरीही पुसत राहिले. "पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

"मग द्या ना."

"हं. द्यायला हवं."

एवढंच बोलणं झालं. पण त्या आठवड्यात, शाळेबाहेर गाडीत ओवीची वाट बघताना, मी फोनवर काय काय शोधलं म्हणून सांगू! ईस्ट टामाकीला काय आहे. ख्राइस्टचर्चहून ऑकलंडचं विमान किती वेळ घेतं. घटस्फोटानंतर पुन्हा प्रेमात पडणं. मुलीला कसं सांगावं. आणि शेवटी, लाजत लाजत, त्याचं पूर्ण नाव. एका जुन्या ट्रेकच्या फोटोत तो डोंगरावर उभा होता, दात काढून हसत. तो फोटो मी पाच मिनिटं बघत बसले.

बुधवारी दुपारी पुण्याहून बाबांचा फोन आला. त्यांच्या सकाळच्या चहाची वेळ. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते सहज म्हणाले, "काय गं, ईस्ट टामाकी फार लांब आहे का तुझ्यापासून?"

माझ्या हातातून गाडीची किल्ली पडली.

मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, मैत्रिणीला नाही. "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अं... कुठेतरी वाचलं बहुतेक. बरं, ठेवतो हां, दूधवाला आलाय."

रात्रभर मी विचार करत राहिले. कोणीतरी माझं सगळं बघत होतं आणि पुण्यापर्यंत पोचवत होतं. श्रीनाथ? दोन वर्षांनी? आणि मग मनात आलं ते मी मनातसुद्धा मोठ्यानं म्हणू शकत नव्हते. माझ्या लॅपटॉपमध्ये काय बसवलंय हे एकाच माणसाला माहीत होतं. पाठ फिरवून बसलेला माणूस... ती पाठ खरी होती का?

गुरुवारी ओवीला शाळेतून घेतलं आणि थेट त्याच्या कारखान्याच्या फाटकावर गेले. तो झगझगीत पिवळं जॅकेट घालून बाहेर आला, मला बघून चेहरा उजळला... आणि माझा चेहरा बघून विझला.

"तुम्ही माझ्या लॅपटॉपमध्ये काय ठेवलंय?"

"काय?"

"मी जे शोधते ते दुसऱ्याला कळतंय. खरं सांगा, फक्त खरं सांगा. मी ओरडणार नाही."

वारा इतका होता की माझे केस तोंडात जात होते. ओवी गाडीत आइसक्रीम खात आमच्याकडे बघत होती. त्याला राग यायला हवा होता. श्रीनाथ असता तर... पण त्यानं फक्त एकदा खोल श्वास घेतला.

"कुठे शोधलंत? लॅपटॉपवर की फोनवर?"

"...फोनवर."

"जुन्या ब्राउझरमध्ये?"

मी मान हलवली.

"मी फोनला हात लावत नाही. सांगतो तसं तुम्हीच उघडा." आणि तो माझ्यापासून दोन पावलं मागे सरकला. "खात्यात जा. खाली या. 'तुमची उपकरणं' असं काहीतरी दिसेल. त्या खात्यानं कुठे कुठे लॉगिन केलंय, त्याची यादी. वाचा."

मी वाचलं. फोन, ख्राइस्टचर्च. लॅपटॉप, ख्राइस्टचर्च. टॅबलेट... पुणे.

क्षणभर काहीच उमजलं नाही. मग एकदम दिवाळी आठवली, दोन वर्षांपूर्वीची. माझ्या भावानं, मकरंदनं, बाबांना नवा टॅब दिला होता. बाबांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून त्यानं मला फोन केला होता – "ताई, तुझ्याच खात्यावर टाकतो गं, काय फरक पडतो, घरचंच तर आहे!" आणि मी कणीक मळता मळता पासवर्ड सांगितला होता.

घरचंच तर आहे.

"क्षितिज..."

"कळलं कोण आहे?"

"बाबा."

"मग ठीक आहे." तो हसला. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "मला आत जावं लागेल. मशीन थांबवून आलोय." फाटकातून आत गेला, आणि या वेळी त्याची पाठ बघताना मला रडू आलं.

*

ओवीला कार्टून लावून दिलं आणि मी बाबांना फोन लावला.

"बाबा, तुमच्या टॅबवर माझं सगळं दिसतं ना?"

पलीकडे चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"दिसतं," बाबा म्हणाले. "मी पंचांग शोधायला चौकटीत बोट ठेवलं की खाली तुझं येतं. आधी वाटलं मीच चुकून काही दाबलं. मग एक दिवस आलं – तीन वर्षांच्या मुलीला एकशे दोन ताप. तेव्हा कळलं."

मला तो दिवस आठवला. त्या दिवशी बाबांचा अवेळी फोन आला होता. "सहज केला," म्हणाले होते, आणि बोलता बोलता कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायचं सांगून गेले होते. माझी नोकरीची मुलाखत होती, त्या सकाळीही. श्रीनाथचे कागद आले, त्या दिवशीही. आणि मी दर वेळी थक्क व्हायचे, की बापाला सात समुद्रांपलीकडून कसं कळतं!

"दोन वर्षं? सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

"केलंच असतं! माझं खाजगी होतं ते बाबा. तुम्हाला माहितीये मी कशातून बाहेर पडले. तुम्हाला तरी..."

"चुकलंच माझं." बाबांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. "पण बाळा, तुला कशी आहेस विचारलं की तू 'मजेत' म्हणतेस. नेहमी मजेत. मग खरं मी कुठून शोधायचं?"

राग होता, खरा होता. आणि त्या रागाच्या तळाशी एक म्हातारा माणूस पंचांग शोधता शोधता थांबून, चष्मा पुसून माझा ताप वाचत होता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

"मी आता तुमचं लॉगिन काढून टाकणार आहे, बाबा. मकरंदला तुमचं स्वतःचं खातं काढून द्यायला सांगा."

"काढ. काढायलाच हवं."

"आणि मी सांगत जाईन. मजेत नसेन तेव्हा मजेत म्हणणार नाही."

"बरं." मग घसा खाकरून म्हणाले, "जाता जाता एक विचारू? त्या मुलाबद्दल... डोंगरावरच्या. तू त्या यंत्राला सगळं विचारलंस. त्याला काही विचारलंस का?"

मी डोळे मिटले. लाजेनं, की हसू दाबायला, कोण जाणे.

"नाही."

"मग त्याला विचार. यंत्राला काय कळतंय?"

यादीतल्या 'टॅबलेट, पुणे'वर मी बोट ठेवलं. एक क्षण थांबले. मग दाबलं. ओळ नाहीशी झाली. आणि त्याच संध्याकाळी, चहा उकळत असताना, मी फोनवरचा ब्राउझरही बदलला.

*

शनिवारी वारा तसाच होता. मैदानाच्या टोकाशी, डोंगरांवर ढगांची भलीमोठी कमान उभी राहिली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खाली निळं स्वच्छ आकाश. इथे राहून सात वर्षं झाली, तरी ती दिसली की मी गाडी हळू करते.

लायब्ररीत त्याच्या टेबलावर पाटी नव्हती. मग दिसला. बाहेर, सायकलींच्या स्टँडपाशी, टेबलावरच्या सामानाचं खोकं घेऊन उभा.

"पाटी?"

"आजच्या दिवस सुट्टी घेतलीय. लक्ष लागत नव्हतं."

"क्षितिज, गुरुवारी मी जे बोलले..."

"बोलायला हवंच होतं. न विचारता मनात ठेवलं असतंत तर जास्त लागलं असतं."

"तरी लागलं ना?"

"लागलं," तो सरळ म्हणाला. "थोडं. अजून आहे."

त्यानं 'नाही' म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण विश्वास बसला नसता. त्या 'थोडं'वर मात्र बसला. मी ओवीचा हात घट्ट धरला, आणि वाऱ्यात, मोठ्यानं, म्हणजे ओरडूनच विचारलं –

"तुम्हाला ऑकलंडला जायचंय का? जाऊ नका म्हणत नाहीये मी. विचारतेय. मी आठवडाभर सगळ्या जगाला विचारलं, तुम्हाला सोडून. ईस्ट टामाकीचे रस्ते मला पाठ झालेत. पण मला कळत नाहीये, तुम्हाला काय हवंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच, नजर न वळवता.

"मी पण शोधलं," तो म्हणाला.

"काय?"

"पाच वर्षांच्या मुलीशी मैत्री कशी टिकवावी. तिची आई घाबरलेली असेल तर काय करावं."

"कशावर शोधलंत?"

"टॉरवर."

"एवढं गुपित?"

"फ्लॅटमेट सारखा डोकावतो हो!" आणि आम्ही दोघंही हसत सुटलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पहिलं उत्तर चांगलं मिळालं. मुलाच्या उंचीला या, एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्याचं मात्र कुठेच मिळालं नाही. तुम्हीच सांगा."

"माझी भीती जाणार नाही," मी म्हणाले. "मी अशीच राहीन. दहादा उठून तिचा श्वास बघीन. कधीतरी पुन्हा फाटकावर येऊन काहीतरी भलतंच विचारीन."

"या की. फाटक उघडंच असतं." मग आवाज एकदम हळू झाला. "मला जायचं नव्हतं, सुखदा. कोणीतरी विचारायची वाट बघत होतो. तू."

वाऱ्यानं ते 'तू' उडवून नेऊ नये म्हणून मी श्वाससुद्धा घेतला नाही.

ओवीनं माझा हात ओढला. मग त्याच्याकडे मान वर करून, डोळे बारीक करून पाहिलं. तो लगेच गुडघ्यांवर खाली बसला, तिच्या उंचीला. तिनं त्याच्या हातातलं खोकं तपासलं, त्याचा चेहरा तपासला. कुणाची लेक आहे ते कळत होतं.

"इज ही कमिंग होम विथ अस, आई?"

त्यानं उत्तर माझ्यावर सोडलं होतं. डोंगरावर ती कमान तशीच उभी होती, एवढी मोठी, आणि मी तिच्याखाली, इतकी लहान, आणि मला आश्चर्य वाटत होतं की या क्षणी मला कशाचीही खात्री करून घ्यावीशी वाटत नव्हती.

"हो," मी म्हणाले. "येतोय तो."